टेलच्या मुलांची कार्यशाळा

मी, मच्छिंद्र कानिफनाथ म्हसे, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त कालवा निरीक्षक, राहणार राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती थकली आहे, स्मरण शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातले सगळे, इतक्यात लिहू नका, असेच म्हणत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पाळी आधी माझी आहे असे धरून चाललो होतो, पण आधी मुलगी गेली.

माझी मुलगी डॉ. निकिता विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत होती. गेल्या श्रावणात ती अल्पशा आजाराने वारली. तिने लग्न केलेले नव्हते. घरात आता पत्नी बनुबाई, मुलगा सुनील आणि सून रेश्मा आहेत.

१. राहते घर बनुबाईच्या हयातीपर्यंत तिच्या एकटीच्या ताब्यात राहील. तिच्यानंतर ते सुनीलचे. निकिताच्या खोलीतले कपाट बनुबाईने सांगितल्याशिवाय कोणी उघडू नये.

२. वाटपात आलेली जमीन सुनीलला द्यावी. ही जमीन कालव्याच्या तोंडाशी, हेडला आहे. नोकरीत असताना मी पाणी आधी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला देत असे आणि मग वर येत असे. वरच्यांचे आधी भिजवले की खालपर्यंत काही पोचत नाही. माझा चुलतभाऊ वाल्मिक चारचौघांत म्हणायचा, "सायेब, जमीन हेडला आन् माया टेलवर. लई भारी हाय तुमचं." आमचे रान शेवटी भिजे. सुनीलने हे पाळावे असे मी लिहीत नाही, कारण तो पाळणार नाही.

३. माझी सायकल वाल्मिकला द्यावी. टेलला जायला उपयोगी पडेल.

४. बँकेतील माझी मुदत ठेव आणि निकिताच्या मागे मला मिळालेली रक्कम निकिताच्या कार्यशाळेसाठी राखून ठेवावी. याचे कारण लिहितो.

अति दाबात आणि अति उष्णतेत पदार्थाचे काय होते, हा तिचा विषय होता. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये बारीकसा कण धरून दाबतात. एकदा तिने हे आईला सांगितले.

"हिरं? आन् आंगठी कुठंय?" बनुबाई म्हणाली.

"अंगठी नाही गं आई. दाबलं की पदार्थाचा स्वभाव बदलतो, तेवढंच बघायचं."

"मग आपल्या सुनीलला धर मधी. बदलतोय का बघ."

निकिता बराच वेळ हसत होती.

दर वर्षी ती या विषयाची कार्यशाळा घेई. विद्यापीठ त्यासाठी निधी देई. राजूर, पाथर्डी अशा लांबच्या भागातली मुले ती आधी निवडायची आणि उरलेल्या जागा जवळच्यांना द्यायची. हे तिने कोठून घेतले ते मला विचारावे लागले नाही.

ती गेल्यावर त्याच निधीतून विभागाने तिच्या नावाने एक दिवसाचा समारंभ केला. हार घातलेला फोटो, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे सत्कार. प्रयोगाचे साहित्य विभागाच्या कपाटातच राहिले. प्रवासखर्च वाचावा म्हणून समोर विभागातलीच मुले बसवली होती. मलाही शाल आणि नारळ दिला. विभागप्रमुख म्हणाले, "काका, दर वर्षी असंच करू. मॅडमचं नाव राहील." मी मान हलवली. दुःखात माणूस मान हलवतो. ती संमती धरू नये.

सुनील म्हणतो, "दादा, विद्यापीठाचा खर्च आपण का करायचा?" त्याचे बरोबर आहे. खर्च विद्यापीठानेच करायला हवा. त्यासाठी मी अर्ज केले, हेलपाटे घातले. आता गुडघे साथ देत नाहीत. ते करतील म्हणून थांबलो तर कार्यशाळा कोणाच्या लक्षातही राहणार नाही. म्हणून ठरवतो ते असे:

या दोन्ही रकमांच्या व्याजातून बाहेरगावच्या मुलांचा प्रवास, राहणे आणि जेवण भागवावे. साहित्याचा आणि शिकवायला येणाऱ्या तज्ज्ञांचा खर्च विद्यापीठाने करावा. त्यांनी नकार दिल्यास ज्या कॉलेजला कार्यशाळा हवी असेल तेथे न्यावी.

हार, शाल, नारळ, मोमेंटो यांवर यातला एक रुपया जरी गेला, तरी विद्यापीठाचा या रकमेवर पुढे हक्क राहणार नाही.

जागा टेलकडून भराव्यात.

हे सर्व पाहण्यासाठी निकिताची सहकारी डॉ. आरती वाबळे हिला मी व्यवस्थापक नेमतो. तिने होकार दिला आहे. काम कटकटीचे आहे, हे तिला सांगितले आहे.

५. समारंभातली शाल अजून घडीतच आहे. ती विभागप्रमुखांना परत करावी. नारळाची बनुबाईने चटणी केली, त्यामुळे तो परत देता येणार नाही.

६. माझ्या मागे माझा सत्कार, शोकसभा काही करू नये.

७. कार्यशाळेत निकिताचा फोटो लावू नये असे मी आधी लिहिले होते. बनुबाईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "तुमचं समदं ऐकलं. पर पोरीचं तोंड दिसू द्या की वो तितं." तिला मी नाही म्हणू शकलो नाही. तेव्हा फोटो लावावा. मात्र हार नको आणि व्यासपीठावर नको. शेवटच्या रांगेच्या मागच्या भिंतीवर लावावा. पाणी सोडले की मी गेटजवळ थांबत नसे. टेलला जाऊन उभा राहत असे, पोचले की नाही ते बघायला. कार्यशाळा सुरू झाली की निकिताही पुढे थांबत नसे. तिथेच, मागे उभी असे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात बदल करायचा नाही. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करतो. तेही माझ्यासमोर सह्या करत आहेत. या मिळकतीतले त्यांना काही मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.

सही: मच्छिंद्र कानिफनाथ म्हसे

साक्षीदार:
१. अजिनाथ रामभाऊ ढोकणे, शेजारी
२. कल्याण दगडू निमसे, सेवानिवृत्त शिक्षक

ठिकाण: राहुरी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६