हातावर लिहिलेली वेळ

आई, तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि उद्या सकाळी मला कल्याणला वकिलांकडे एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे. करोनाची लस घेतल्यावर ह्यांचा डावा हात आणि पाय लुळा पडला, त्याच्या भरपाईचा दावा आहे. लसीमुळेच झालं असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, नाही असंही म्हणत नाहीत. वकील म्हणतात, "मॅडम, ते सिद्ध करणं कठीण आहे. लस दिल्यावर तुम्हाला कोणी थांबायला सांगितलं नाही, यावर आपली केस उभी आहे. तेवढं लिहून द्या." ते वाक्य टाइप होऊन आलंय. चार दिवस कागद माझ्या पर्समध्ये आहे आणि चार दिवस मला तूच दिसते आहेस.

ठाकुर्लीच्या दवाखान्यात तू लस टोचायचीस आणि लगेच बॉलपेनने त्या माणसाच्या हातावर वेळ लिहायचीस. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास भरेपर्यंत बाकावरून कुणाला उठू देत नव्हतीस. सासू खोळंबली आहे, भात गॅसवर आहे, कसलीच सबब चालायची नाही. मी सातवीत होते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, थुंकी लावून हातावरची वेळ पुसली आणि खेळायला पळाले. तू मला दंडाला धरून परत आणलंस, सगळ्यांसमोर बसवलंस आणि अर्धा तास पहिल्यापासून मोजलास. "सिस्टरच्या पोरीला वेगळा नियम नाही," म्हणालीस. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.

त्या सकाळी ह्यांना लस दिली ती एक तरुण सिस्टर होती. हे दाराशी चपला शोधतायत, मी मागे, आणि ती रांगेतून वाट काढत येते. "काकी, अर्धा तास बसवा ना काकांना." मी म्हणते, "अगं, माझी आई हेच काम करायची. मला माहितीये सगळं." आणि आम्ही निघतो. दिवा स्टेशनजवळचं आमचं घर यायच्या आत रिक्षातच ह्यांची शुद्ध गेली, आणि डॉक्टर शोधण्यात वेळ गेला. तिचं बोलणं ह्यांना ऐकूच गेलं नव्हतं. आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आम्हाला कुणी बसा म्हटलंच नाही," आणि मी चहा गाळत राहते. ह्या दाव्याच्या आशेवरच हे रोज उठून बसतात. परवा वकिलांनी विचारलं, त्या सिस्टरचं नाव आठवतं का, तिलाही केसमध्ये ओढू. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आता कागद ओट्यावर आहे. त्या वाक्यावर मी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला हे तुला लिहिते आहे, म्हणजे तो कागद आता कुठे देताच येणार नाही. हे आतून विचारतायत, "सही केलीस का गं?" जाऊन सांगायचं आहे आणि मी लिहीतच बसले आहे. मग आपण का निघालो, असं हे विचारतील. नळाला पाणी यायची वेळ झाली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पाणी संध्याकाळी यायचं, आई. त्या पोरीने सगळ्यांसमोर मला नियम सांगितला, तो मला झोंबला.