जावयाच्या वाणाला जुना व्हिडिओ गेम

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
अधिक ज्येष्ठ, सन २००७

आदरणीय पंढरीनाथराव यांस,
धाकटा साडू आत्माराम याचा, गुडघे वाकतील तितका वाकून नमस्कार.

आपली साखर आवाक्यात असेल, द्वारकाताईंचं कोपर दुखायचं थांबलं असेल आणि चिपळूणला यंदा फणस तरी धड लागले असतील अशी आशा करतो. आंब्यांचं विचारत नाही. विचारलं की आपल्याला पाठवावे लागतात, आणि पाठवले की ते गोड निघाले असं आम्हाला कळवावं लागतं. इकडे सर्व ठीक. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. पण आपल्या दोघांच्या घरी फोन कोण उचलतं हे आपण जाणता. त्या दोघी बहिणी एकदा सुरू झाल्या की आपल्या वाट्याला शेवटचं 'बरं, ठेवतो' एवढंच येतं. शिवाय विषय नाजूक आहे. जावयाचा आहे.

आमच्या सुरुचीचं लग्न गेल्या माघात झालं. आपण आला होतात. (मठ्ठा पातळ होता हे आपलं मत मला कळलं. माझे कान कसे आहेत ते आपल्याला माहीतच आहे. गिऱ्हाईक नवरा-बायको दुकानाबाहेर फुटपाथवर उभे राहून 'कितीपर्यंत जायचं' ते ठरवत असतात, आणि ते आत गल्ल्यावर बसून ऐकण्यावर माझा सगळा धंदा उभा आहे.) त्याच कानांनी त्या दिवशी पंगतीत आणखी एक वाक्य टिपलं. आमचे व्याही, म्हणजे निहारचे वडील, ठाण्याचे, बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले, आपल्या भावाला सांगत होते, "मुलगी छान आहे रे. फक्त बाप भांडीवाला. सणावाराला आता पातेलीच यायची." मी त्या वेळी त्यांनाच जिलबी वाढत होतो. आणखी दोन वाढल्या. पण परळच्या गल्ल्यांतून सायकलला पराती बांधून विकणारा जो माणूस भाईंदरला येऊन दोन गाळ्यांचं स्टीलचं दुकान उभं करतो, तो असलं वाक्य विसरत नाही. तिथेच ठरवलं, या घरात आयुष्यात एक चमचासुद्धा द्यायचा नाही. जे देईन ते असं देईन की साहेबांचं तोंड कायमचं मिटलं पाहिजे.

आणि तोंडावर आला अधिक महिना. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला जेवायला बोलावून वाण देणं आलंच. आमची सौ. मृणालिनी चांदीच्या ताम्हणावर अडून बसली. (ताम्हण हेसुद्धा भांडंच असतं, हे तिला पटवायला दोन दिवस गेले.) शेवटी ठाण्याला जाऊन जावयालाच विचारलं. निहार तसा सज्जन मुलगा आहे. अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मोठ्यांसमोर मोबाईल खिशात ठेवतो. म्हणाला, "काही नको हो पप्पा." आता, काही नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी फार घाबरतो. तो दुकानातली सगळी फडताळं रिकामी करायला लावतो. तसंच झालं. "अगदीच द्यायचं असेल तर," म्हणाला, "तुमच्या भाईंदरला जुन्या सामानात तो लाकडी पट्टीवाला व्हिडिओ गेम कुठे दिसतो का बघा. ऐंशीच्या आसपासचा. काळा."

या मुलाच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि त्यांवर जुने व्हिडिओ गेम, देव्हाऱ्यात टाक मांडावेत तसे ओळीने मांडलेले आहेत. एकाचीही वायर टीव्हीला लावलेली नाही. मी एकदा भाबडेपणाने विचारलं होतं की यातला खेळतोस कोणता, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नैवेद्याच्या ताटातला मोदक उचलून तोंडात टाकला. त्या पंथाचे नियम मग त्याने मला समजावून सांगितले. वस्तू जुनी हवी, पण जुनी दिसता कामा नये. एक ओरखडा असला तर किंमत निम्मी. मूळ पुठ्ठ्याचा खोका सोबत असला तर दुप्पट. आणि जो आजवर कोणीच खेळला नाही, तो सर्वश्रेष्ठ. म्हणजे ज्या घरच्या बापाने पोरांना कधी हात लावू दिला नाही, त्या पोरांच्या रडण्याची ही किंमत! पण मी मनात खूश झालो. जुनी वस्तू म्हणजे भंगार, आणि भंगार म्हणजे स्वस्त. चांदी वाचली, पातेलं टळलं, शिवाय जावयाने तोंडाने मागितलेली वस्तू. मी छातीवर हात मारून सांगितलं, "अधिकात जेवायला या, वाणात तोच गेम असेल." हे साहेबांनीही ऐकलं.

(मधेच एक अडचण निघाली. अधिक महिन्याचं वाण जाळीदार लागतं, अनारशासारखं, बत्ताशासारखं. व्हिडिओ गेमला जाळी कुठली? मृणालिनीने गुरुजींना विचारलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, गरम हवा जायला मागे भोकं असतात ना, मग चालतंय. आणि जाता जाता हळूच, आमच्याकडेही मुलाचा एक पडलाय, त्यालाही भोकं आहेत, बघता का.)

पहिल्यांदा गेलो जेसल पार्कात हितेशभाईकडे. हा टीव्ही दुरुस्त करतो, म्हणजे दुरुस्तीला आलेले टीव्ही सांभाळतो. मी आपला सरळ वस्तूचं नाव घेऊन मोकळा. इतकी वर्षं गिऱ्हाइकांची जी चूक मी साजरी करत आलो ती स्वतः केली. कालपर्यंत त्याच्या माळ्यावर जे धूळ खात होतं त्याला तो म्हणाला, "अरे आत्मारामभाई, ए तो एन्टिक छे!" आणि कॉम्प्युटर उघडून अमेरिकेत त्याला किती डॉलर पडतात ते दाखवलं. मी म्हटलं, वस्तू तरी दाखव. तर ती नाहीच. फक्त भाव आहे. मी पायरी उतरत होतो तोवर आतून फोनवर आवाज आला, "पेलो वासणवाळो आव्यो तो. बहु गरज छे एने." (वासणवाळो म्हणजे मी. गरज म्हणजे काय ते सांगायला नको.) संध्याकाळपर्यंत स्टेशनपासून खाडीपर्यंत सगळ्या इलेक्ट्रिकवाल्यांना कळलं होतं की एक माणूस जुन्या व्हिडिओ गेमसाठी वेडा झालाय, आणि प्रत्येकाकडे डॉलर तयार होते. गेम कोणाकडेच नव्हता.

मग म्हटलं, भाव न कळणारा माणूस शोधू. वरसाव्याला पुलाजवळ धर्माचं भंगार आहे. भातशेतीची जमीन होती, ती गेली, आता उरलेल्या तुकड्यावर दुसऱ्यांच्या घरातलं गेलेलं सामान किलोवर विकतो. या वेळी मी शहाणा झालेलो. गेमचं नाव काढलं नाही. आधी जुन्या तांब्याच्या वायरीची चौकशी केली, मग पंख्यांची, मग सहज म्हटलं, टीव्हीला जोडतात ते पोरांचं काही असतं ना, तसलं? धर्मा म्हणाला, "हाय ना शेट, ढीग हाय. न्हाय कोन बोलतं?" आणि खरोखर ढीग होता. आनंदाने तीन किलो घेऊन घरी आलो. सगळे पिवळ्या कॅसेटवाले, चिनी. कॅसेटवर लिहिलेलं, एकात नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ. आत निघतात सहा, आणि तेच सहा नाव बदलून, रंग बदलून पुन्हा पुन्हा येतात. (आमच्या बिल्डरने फ्लॅट विकताना दिलेल्या पुस्तिकेत बाग, क्लब, पोहण्याचा तलाव, मुलांचं मैदान अशा सुविधा होत्या. पुढे कळलं की त्या सगळ्या एकाच मोकळ्या जागेच्या आहेत आणि तिथे आता पाण्याची टाकी आहे.) निहारला फोनवर वर्णन केलं. म्हणाला, "पप्पा, ते डुप्लिकेट. आमच्यात त्यांना कोणी विचारत नाही." जातपात संपली असं कोणी म्हणालं तर मी त्याला निहारच्या फळ्या दाखवायला नेणार आहे.

तेव्हा कुठे माझी खरी अक्कल चालली. भाव कशाने चढतो? पैशाने. मग पैसा काढूनच टाकायचा. आमच्याकडून भांडी उचलून जुन्या कपड्यांवर बदलून देणारी गोदूबाई बोहारीण आपण दुकानात पाहिली असेल. पैसे देतो म्हटलं की बाई नवऱ्याला विचारून सांगते. पातेलं देतो म्हटलं की ती कोणालाच विचारत नाही. गोदूबाईला समजावलं, यंदा साड्या नकोत, टीव्हीचे खेळ आण. ती म्हणाली, "शेट, खेळ म्हंजी काय ते मला नका सांगू. वायर आसंल ते समदं आनते."

आणि तिने शब्द पाळला. हेअर ड्रायर आले, इस्त्र्या आल्या, रक्तदाब मोजायचं यंत्र आलं (आत कोणाचा तरी दंडाचा पट्टा अजून गुंडाळलेला), एकीने तर नवरा ऑफिसला गेलेला बघून चालू कॉम्प्युटर काढून दिला. तिसऱ्या दिवशी महागाई सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरचीला परात मिळाली मग मला वाटी का, म्हणून चौथ्या मजल्यावरची थेट दुकानात. एक गृहस्थ बनियनवरच आले. त्यांच्या बायकोने त्यांचा लहानपणचा गेम पोळ्यांच्या डब्यावर देऊन टाकला होता. डोळ्यांत पाणी होतं हो माणसाच्या. मी गेम परत दिला (चिनीच होता) आणि डबा मागितला. तर म्हणाले, "तो कसा देऊ? त्यात पोळ्या आहेत." जुन्या वस्तूवर जीव टाकणारे सगळे असेच. दुसऱ्याची नवी वस्तू सोडत नाहीत.

तर अशी परिस्थिती आहे. दुकानातली निम्मी पातेली गोदूबाईच्या हातून जेसल पार्कात गेली, घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि लाकडी पट्टी अजून दिसलेली नाही. अनारशांचं पीठ तयार आहे. रविवारी जावयासोबत व्याही-विहीणही येणार. मी रिकाम्या हाताने उभा राहिलो, किंवा आयत्या वेळी ताम्हण काढलं, तर साहेब हसणार. मोठ्याने हसले तर चालेल मला. ते मिशीतल्या मिशीत हसतात.

ताईंना नमस्कार. आपल्या वडीलकीला शोभेल असे दोन खडे बोल सुनवावेसे वाटले तर अवश्य सुनवा, पण टपालाने.

आपला,
आत्माराम

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. आपण मस्कतहून आलात तेव्हा एक व्हिडिओ गेम आणला होता ना? काळा, पुढे लाकडी पट्टी. आपल्या शोकेसमध्ये क्रोशाच्या कव्हराखाली असतो तोच. आपण मुलांना त्याला कधी बोटही लावू दिलं नाहीत. त्यावरून तेव्हा आपल्याला कद्रू म्हणणारे लोक होते. (नावं विचारू नका.) ती दूरदृष्टी होती हे मी आज कोणासमोरही सांगायला तयार आहे. शनिवारपर्यंत एसटीच्या पार्सलने आला तर दुकानातलं हवं ते भांडं आपलं. पत्र एवढं लांबलं ते इथवर यायला धीर होत नव्हता म्हणून.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकायला मृणालिनीच्या हाती दिलं, आणि पाकीट चिकटवलं नव्हतं. ती वाचून हसत आत गेली आणि पलंगाखालून तोच गेम काढून माझ्यापुढे ठेवला. द्वारकाताई गेल्या महिन्यात विरारच्या लग्नाला आल्या तेव्हाच, दोघींचं फोनवर ठरल्याप्रमाणे, पिशवीतून घेऊन आल्या होत्या. बदल्यात एक जाड बुडाचं मोदकपात्र, एक परात आणि आपल्या क्रोशाच्या कव्हराखाली बरोबर बसेल असा चौकोनी डबा. सगळं माझ्याच दुकानातलं. मी म्हटलं, मग मला वरसाव्यापर्यंत पळवलंस कशाला? तर म्हणाली, "तुम्ही बाहेर असलात की दुकान नीट चालतं."

ता. क. तिसरा, सोमवार. पत्र राहूनच गेलं. काल सगळं पार पडलं. गेम बघाल तर काय, आरशासारखा. एक ओरखडा नाही. आता, आमच्या दुकानातून भेटीची वस्तू नाव घातल्याशिवाय बाहेर पडत नाही. शनिवारी नाव कोरायचं मशीन घेऊन बसलो आणि त्या लाकडी पट्टीवर स्वतःच्या हाताने, वाटीवर घालतो त्याहून मोठ्या अक्षरांत नाव घातलं: 'चि. निहार यांस अधिक मासानिमित्त सप्रेम. सौ. व श्री. आत्माराम, भाईंदर.' पट्टी संपली म्हणून 'भाईंदर' खाली बटणांशी वळवावं लागलं. निहारने कागद सोडला, आनंदाने ओरडला, मग वाचलं. डोळे भरून आले त्याचे. विहीणबाईंना वाटलं, मुलगा भारावला. साहेबांनी मात्र चष्मा लावून दोनदा मोठ्याने वाचलं आणि माझा हात धरून म्हणाले, "वस्तू जुनी असली तरी नाव घालून दिलीत. याला म्हणतात रीत." ज्याचं तोंड मिटायचं होतं ते उघडलं, आणि ज्याने तोंडाने मागितलं होतं त्याचं मिटलं. जाताना जिन्यात तो सुरुचीला हळूच विचारत होता, "हे घासून जातं का गं?" नाही जात. माझ्या मशीनचं अक्षर आहे.

म्हणून आता खरी विनंती. त्या गेमचा मूळ खोका आपल्या माळ्यावर आहे आणि आपण त्यात जुनी लाइटबिलं ठेवता, असं ताई म्हणाल्या. बिलं काढून तेवढा खोका पाठवा, म्हणजे जावई माझ्याशी बोलू लागेल. खोक्यावर मी काही लिहिणार नाही, शपथ घेतो. बाकी तो चौकोनी डबा रागाने परत पाठवू नका. आपण गेले तीन आठवडे रोज सकाळी तो कव्हरासकट झटकून ठेवताय, म्हणजे आवडला असणार. शिवाय त्यावर मृणालिनीने आपलं नाव घालून घेतलंय, आणि नाव घातलेलं भांडं आम्ही परत घेत नाही.