थॉर्नकोमचं धुराडं

क्लिफर्ड,

काल आईला थॉर्नकोमच्या चर्चमागं पुरलं. तू आला नाहीस.

लष्करानं तोफांच्या सरावासाठी गाव घेतलं तेव्हा म्हणाले होते, "लढाई संपली की परत या." आता फक्त मेलेल्यांना परत येऊ देतात. बरोबरचा जवान पर्यटकांना दाखवावं तसं आम्हाला आमचंच गाव दाखवत होता. "हे चर्च सातशे वर्षांचं. ही शाळा. आणि ते धुराडं, आमच्या तोफखान्याचं आवडतं लक्ष्य." ते आपल्या स्वयंपाकघराचं धुराडं होतं. बाकी घर उरलेलं नाही.

तू तोफखान्यात भरती झालास आणि सरावाला तिथंच गेलास, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची डॉरिस एकदा आईला म्हणाली, "तुमचं घर तुमच्याच पोरानं पाडलं म्हणे!" आई फणकारली, "माझ्या क्लिफनं? त्याला दगडानं कधी सफरचंद पाडता आलं नाही!"

शेवटी मात्र माझा हात धरून म्हणाली, "मेव्हिस, त्यानं विचारलं तर सांग, घर अजून उभं आहे."

मी 'हो' म्हणाले. म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही.

पण तू एकदाही विचारलं नाहीस, क्लिफर्ड.

तुझी बहीण,
मेव्हिस