कापलेलं शेपूट आणि नदीपलीकडचे लापेर्ल

आडनाव मी विकलेलं नाही, काका, हे आता तिसऱ्यांदा लिहितो. ‘पिनो ऊर्फ लापेर्ल’ एवढी लांबण इथे परमुलखातल्या कापडगिरणीच्या पगाराच्या पाकिटावर मावत नाही. इथला कारकून माणशी एकच आडनाव देतो; दोन मागितली तर दोघांचं काम सांगेल. म्हणून लापेर्ल गळालं आणि मी नुसता झेफिरँ पिनो उरलो. तुम्ही गावभर सांगत फिरलात की पुतण्याने पूर्वजांचं नाक कापलं. नाक नव्हे, शेपूट. आणि ते कापून मी कसा फसलोय ते वाचलंत की वर्षभर हसाल.

असो. नववर्षाच्या सकाळी गुडघे टेकून मागायचो तसाच तुमचा आशीर्वाद इथून मागतो (गुडघे खरोखरच टेकलेले आहेत, पेन खाटेखाली घरंगळलं होतं). काकूंची कंबर आता कशी आहे? डुकरीण व्याली का? माझी तब्येत ठणठणीत.

तर माझ्या शेजारच्या मागांवर देलिमा नावाची मुलगी आहे. चार माग एकटी सांभाळते आणि वर माझा तुटलेला धागाही जोडून देते. आमचं लग्न ठरलंय. चर्चमध्ये ‘कुणाची हरकत आहे का’ म्हणून दोन रविवार नावं पुकारून झाली, तिसरा रविवार राहिला होता. तेवढ्यात आमच्या खाणावळीच्या एक्झिल्दाबाईंनी देलिमाला जेवायला बोलावलं. या बाईंना माणसाच्या चार पिढ्या विचारल्याशिवाय वाटाण्याचं सूप वाढता येत नाही. देलिमा आपल्या गावच्या नदीपलीकडच्या लापेर्लांतली, हे मला ठाऊक होतं (उठू नका, पुढे वाचा). पण बाईंनी पूर्ण नाव विचारलं, तर ती म्हणाली, पिनो ऊर्फ लापेर्ल. तिच्या आजोबांनी पुढचं पिनो गाळलं. पळी हवेतच थांबली. मी हळूच सांगितलं की माझंही तेच, फक्त मी मागचं गाळलं.

“म्हणजे तुम्ही दोघं मिळून एकच माणूस आहात,” बाई म्हणाल्या, आणि तडक फादरांकडे गेल्या. तिसरी पुकारणी थांबली. खापरपणजोबा एकच निघाले तर बिशपांच्या परवानगीशिवाय लग्न नाही.

खरं सांगू? मला आधी आनंदच झाला. आम्ही टेबलावर वाटाणे मांडून पिढ्या मोजल्या. मूळपुरुष एकच! राजाचा शिपाई, कानात मोती, म्हणून लापेर्ल. आपल्याकडे सांगतात, तो मोती त्याने पत्त्यांत जिंकला; तिच्याकडे सांगतात, चोरला. माझे वाटाणे पणजोबा बाझीलपाशी संपले, तिचे पणजोबा आँसेल्मपाशी. हे दोघे सख्खे भाऊ असतील तर आम्ही अडकलो. चुलत असतील तर सुटलो.

काका, जन्मभर मी तुमच्याशी भांडलो की पलीकडचे लापेर्ल आपलेच. तुम्ही टेबलावर मूठ आपटून म्हणायचात, माझ्या आजोबांना भाऊच नव्हता, ते भुरटे आहेत, आपलं शेपूट उचललंय त्यांनी. देव करो आणि एवढ्या एका बाबतीत तुमचंच खरं निघो.

तुमचा पुतण्या,
झेफिरँ पिनो ऊर्फ लापेर्ल (इथे जागा आहे)

ता. क. घंटा तुम्हीच वाजवता, तेव्हा चर्चच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असणार. बाझील आणि आँसेल्म यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढा आणि आईचं नाव पाहा; बापांची नावं तर आपल्यात घरोघर तीच. आपल्याकडे बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने लिहिलेली असते, त्यामुळे ती लपणार नाही.

आणखी एक. आई एकच निघाली तर पान फाडू नका, मी तुम्हाला ओळखतो. आपल्या फादरांकडून दाखला घ्या आणि परवानगीसाठी बिशपांना लिहायला सांगा. देलिमा म्हणते, “काकांना कळव, मोती चोरलेलाच होता, पण घरातच राहिला.”

शेवटचं. बाबा गेल्यावर लग्नात माझ्यासाठी उभं राहायला तुमच्याशिवाय कोण आहे? नातं निघालं तर हे पैसे परवानगीसाठी, नाही निघालं तर तुमच्या गाडीभाड्यासाठी. (निघालं तरी याच, मग मुलीकडचे काकाही तुम्हीच.) सोबत चौदा डॉलर.