आवणीचे अंगठे

औंढे, ९ जुलै

चि. समीक्षास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. बाबांनी रागानं फोन कोठीत कोंडून ठेवलाय, म्हणून लिहिते. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या इर्जिकीला, एकमेकांच्या खाचरात राबायला, ते दरसाल माणसं बोलावतात. औंदा तू शिकवलंस तसा भावकीच्या ग्रुपवर निरोप टाकला. सगळ्यांचे अंगठे आले. मी पातेलंभर मटण शिजवलं, पण माणूस एक आलं नाही.

आपल्याला वाळीत टाकलं, एवढंच ते बोलतात. रोपं पिवळी पडताहेत. बंगल्यांचा एजंट वीस तारखेला, रविवारी येतोय. त्याला खाचर देऊन टाकतो म्हणाले. मला तर काही सुचेना. तू शिकलेली, काहीतरी सांग.

तुझी काळजी करणारी,
आई

पुणे, १२ जुलै

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बाबांना सांग, यात कुणाचा दोष नाही. माझा प्रबंध याच विषयावर आहे. समाजशास्त्र म्हणतं, जग वेगानं बदललं की माणसं जोडलेली दिसतात, पण एकमेकांना बांधलेली राहत नाहीत. कुणी लोणावळ्यात हॉटेलात, कुणी तळेगावच्या कंपनीत. शेतावर पोट नाही, मग इर्जिक कशी टिकेल? मीसुद्धा अंगठाच पाठवला होता, बाबांना बरं वाटावं म्हणून.

पण खाचर गेलं तर मी कुठं परत येणार, हे कुठल्याच पुस्तकात नाही. फार भीती वाटते.

बाबांना जपणे, हीच विनंती.
समीक्षा

औंढे, १५ जुलै

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं, तर ते पाठ फिरवून निजले. मग मीच भावकीतल्या हिरामावशींकडे भांडायला गेले. तर त्याच फुगून बसलेल्या! बाबांचं नाव घेऊन म्हणाल्या, नथू दारात आलाच न्हाई, मग आमी बिनबोलावता जायाचं कसं? अंगठा तर आमी रोज गुड मॉर्निंगलाबी देतो. आणखी चार घरं फिरले, सगळीकडे हाच रुसवा.

काल बाबा टोपी घालून घरोघर बोलवायला निघाले आणि कोपऱ्यावरून परतले. कुणी तोंडावर नाही म्हटलं तर, ही धास्ती. आज पुन्हा गेलेत. इर्जिक रविवारीच धरलीय. तुझं पुस्तक खोटं नसेल गं, कंपनीवाल्यांना सुट्टी मिळेल की नाही कोण जाणे. खाचरावर आधी भावकी पोचते की एजंट, या घोरानं मला झोप नाही.

तुझं दार तेवढं लांब पडलं. हे पत्र म्हणजे बाबाच दारात उभे आहेत असं समज. अंगठा पाठवू नकोस. लोभ असेल तो खाचरात दिसू दे.

तुझी,
आई