चिझुरुच्या झाडाचे पेले

१ जून, रविवार. सकाळ.
आज ठरवलं. गोठ्यातलं लाकूड वाया जाऊ द्यायचं नाही.

लाकूड साधंसुधं नाही, माझ्या चिझुरुच्या किरीच्या झाडाचं आहे. पोरगी झाली तेव्हा घरामागे मी स्वतः लावलेलं झाड. आमच्या आइझूत मुलीच्या बापाने ते लावायचं, लग्न ठरलं की तोडायचं आणि त्याचं कपाट करून तिला द्यायचं. गेल्या पानगळीत तोडलं. सुताराने खोड नेलं आणि स्वतःकडच्या मुरलेल्या फळ्यांचं कपाट करून दिलं. म्हणाला, ताजी किरी कामाची नाही. धंद्याचे नखरे, दुसरं काय! कपाट झकास झालंय, पण ते कुणा भलत्याच पोरीच्या झाडाचं. खरं चिझुरुचं झाड म्हणजे गोठ्यातल्या फांद्या आणि ओंडके तेवढे उरले.

कियोनो म्हणते, बंबात घाला. ही बायको आहे की वैरीण?

प्लॅन: लेथवर साके प्यायचे छोटे पेले कातायचे. ऑक्टोबरात लग्न. पाहुणे साठ, प्रत्येकाला एक पेला. कातकाम केलेलं नाही, पण उभा जन्म स्कीच्या लिफ्टचं मशीन सांभाळलं. लिफ्ट गोल फिरते, लेथही गोल फिरतो. उद्यापासून पहाटे उठणे.

२ जून.
पाऊस. उशिरा उठलो. ओल्या हवेत लाकडाला हात लावू नये असं कुठेतरी ऐकलंय. ऐकलं नसेल तरी बरोबरच आहे.

७ जून, शनिवार.
लेथ आला! शेजारच्या कुमेकाकूंचा. त्यांचा नवरा कातारी होता, लाकडी बाहुल्या करायचा. तो गेल्यापासून लेथ धूळ खात होता. काकूंनी फुकट दिला, एकाच अटीवर. म्हणाल्या, मोसाकू, परत आणून टाकायचा नाही हं.

पटाशा मागितल्या तर हसल्या. म्हणे कातारी आपली हत्यारं आपण ठोकतो, दुसऱ्याची हातात बसत नाहीत. ठीक आहे, ठोकतो.

मग लाकूड बघायला गोठ्यात शिरल्या. नखाने टोकरलं, वास घेतला आणि म्हणाल्या, अरे, हे तीन वर्षं अंगणात टाक. पाऊस खाऊ दे, बर्फ खाऊ दे, त्यातलं काळं पाणी निघून जाऊ दे, मग हात लाव. लग्न ऑक्टोबरात आहे म्हटलं. तर म्हणतात, मग लग्न पुढे ढकल!

म्हातारीचं वय झालं. चांगलं लाकूड पावसात टाका म्हणते.

१५ जून, रविवार.
पटाशी ठोकली. भट्टी नाही म्हणून जुनी कानस बंबात लाल केली. त्या भरात आंघोळीचं पाणी इतकं तापलं की कियोनोने एक पाय घातला आणि किंचाळत बाहेर आली. बोलली बरंच. मी लिहीत नाही, हात दुखतो.

पटाशी टोकाला जरा वाकडी आहे. पण त्यामुळे खोलगट भाग चांगला कोरता येईल. सगळं सरळच कशाला हवं?

२२ जून, रविवार.
पहिला पेला. म्हणजे होणार होता. किरी फार मऊ निघाली. पटाशी लावली की कापली न जाता उपटते, लाकडाच्या अंगावर सगळे केस उभे. भिजलेल्या मांजरासारखं काहीतरी झालं. दुसरा पेला लेथवरून सुटला आणि मिसोच्या बरणीचं झाकण फोडून थांबला. तिसऱ्याला बूड राहिलं नाही.

आज प्रॅक्टिस होती. कीस मात्र भरपूर निघाला, पांढराशुभ्र, हलका. कियोनो म्हणाली, गोठा साफ करा. उद्या नक्की करणे.

६ जुलै, रविवार.
चिझुरुचा फोन. एरवी मी दोन वाक्यं बोलून तिच्या आईच्या हातात देतो. आज म्हटलं आपणच सांगू. पेल्यांचं सांगितलं.  ती म्हणाली, बाबा, पाहुण्यांना आता भेट म्हणून कॅटलॉग देतात. त्यातून टॉवेल, नाहीतर मांस, ज्याला जे हवं ते तो मागवतो. शूहेईच्या आईने, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनी, ठरवूनसुद्धा टाकलंय.

मांस! माझ्या लेकीचं लग्न लोकांनी मांस खाऊन लक्षात ठेवायचं!

असो. साठ पेले हा हट्ट नव्हताच माझा. आता फक्त जवळचे नातेवाईक. कमी काम, उत्तम काम.

गोठा साफ केला नाही. पाठ.

१३ जुलै, रविवार.
आज डोकं लढवलं. थंडीत पाय शेकायचं कोतात्सुचं टेबल माळ्यावरून काढलं, रजई घातली, खालचा हीटर फुल्ल केला आणि ओंडके आत ठेवले. तीन वर्षांचं काम तीन तासांत! कियोनो मळ्यातून घामाघूम होऊन आली, बघते तर ऐन उन्हाळ्यात कोतात्सु. तिला वाटलं मला थंडी वाजून ताप आलाय. कपाळाला हात लावला बिचारीने. लाकूड आहे कळल्यावर तोच हात स्वतःच्या कपाळावर मारला.

संध्याकाळी रजई उचलली. प्रत्येक ओंडक्याला आरपार भेग. लग्नात तुटल्या-फुटल्याचं नाव काढायची चोरी, आणि इथे ढीग. फांद्या तेवढ्या बचावल्या, त्या ठेवायला आत जागा नव्हती म्हणून. यालाच दूरदृष्टी म्हणतात.

नातेवाईक रद्द. फक्त दोन्ही घरची माणसं.

१४ ऑगस्ट, गुरुवार.
पितर घरी आलेत, चिझुरुही आली आहे. त्यांना परत जायला वाहन म्हणून वांग्याची गाय केली, तिचे पाय कियोनोने माझ्या फुटक्या पेल्यांच्या ढलप्यांचे लावले. मला न विचारता. गाय उभी राहते छान, ते सोडा.

चिझुरु गोठ्यात डोकावली. मी दारात आडवा. दाखवा ना बाबा, म्हणाली. म्हटलं सरप्राइज आहे. ती मला चुकवून आत गेलीच आणि किसाच्या ढिगात गुडघ्यापर्यंत रुतली. शिंका शिंका नुसत्या. शिंकताना अजून लहानपणीसारखीच डोळे गच्च मिटते.

जेवताना म्हणाली, तिकडे समुद्रापार कुशिरोला शूहेईच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. म्हटलं, समुद्रात काय बघायचंय, पाणीच ते. कियोनोने टेबलाखालून पाय मारला. लागला.

कुमेकाकूंनी तिला कुंपणाशी गाठलं. मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, तुझा बाप पेले कातत नाहीये गं, तुझी वाट अडवून बसलाय. काय वाट्टेल ते! मुली जातातच. मला काय त्याचं?

७ सप्टेंबर, रविवार.
कपाट जाणार नाही. कुशिरोच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्यात वळत नाही. चिझुरु फोनवर रडकुंडीला आली होती. म्हणाली, सॉरी बाबा, ते इथेच वरच्या खोलीत राहू दे, मी येईन तेव्हा वापरेन. म्हटलं, मला अडचणच होती त्याची, राहू दे. हे चुकीचं बोललो. म्हणायचं होतं वेगळं.

म्हणजे झाड तोडलं आणि त्यातलं तिच्याबरोबर समुद्रापार काहीच जायचं नाही. छे! हे मी होऊ देणार नाही.

नवा, पक्का प्लॅन: एकच पेला. फोनवरच तिला सांगितलं. म्हणाली, चालेल. मेजवानीत तुम्ही त्यात साके ओता, आपण दोघं पिऊ, आणि मी तो पर्समध्ये घालून नेते. नक्की ना बाबा, असंही विचारलं. नक्की म्हटलं. तोंडाला कोरड पडली होती, हवा फार कोरडी आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
झाला!! शेवटच्या फांदीतून. थोडा कलतो, एक कड जाड, पण पेला आहे. बूड आहे. आत पोकळी आहे. केस वाळूच्या कागदाने भादरले. ओल्या फडक्याने पुसून देव्हाऱ्यापाशी ठेवला, वडिलांच्या फोटोसमोर. बघा म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार.
पेला काळा पडला. एका बाजूने, मग दुसऱ्या. आतून तर शाई सांडल्यासारखा. कुमेकाकू आल्या, पेला उलटापालटा करून बघितला.  जाताना एवढंच म्हणाल्या की पाणी लागलं ना, आतलं बाहेर आलं.

जुन्या वस्तूंच्या दुकानात असल्या रंगाला लोक जास्त मान देतात. अँटिक लूक. लाकूड सगळं संपलंय, दुसरा करायचा प्रश्नच नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार.
चिझुरु आली, सामान बांधून झालं. कपबशा, बशा, तिच्या आजीचे भाताचे वाडगे, सगळं खोक्यांत. मायलेकी मला म्हणाल्या, तुम्ही लांब बसा. बसलो.

मेहनतीची एक गोष्ट आपोआप झाली. गोठा रिकामा दिसला. कीस गेला कुठे विचारलं, तर कियोनो म्हणाली, लावली विल्हेवाट. एकदाची सुटली ती कटकट.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
काल लग्न झालं. छान झालं.

भाड्याचा काळा कोट घातला होता. पेला रुमालात गुंडाळून खिशात. मेजवानीत शूहेईच्या आईवडिलांसारखे आम्हीही टेबलाटेबलाशी जाऊन लोकांना बिअर ओतली. मग चिझुरुच्या टेबलाशी पोचलो. तिथे सगळं काचेचं, लखलखीत. तिच्या अंगावर पांढरं. मी खिशात हात घातला. काळा, कललेला पेला मला बोटांनीच दिसला.

तिने दोन्ही हात पुढे केले होते. मी त्यात बिअरचा ग्लास दिला.

ती ग्लासकडे बघत राहिली. मग प्यायली. गर्दीच इतकी होती की वेळच मिळाला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
कोट काल परत केला. आज दुकानातून फोन. म्हणाले, साहेब, खिशात रुमालात बांधलेला एक लाकडी ॲशट्रे सापडलाय, जरा जळलाय, तुमचाच का?

कियोनो समोर बटाटे सोलत होती. मी म्हटलं, छे हो! आमच्याकडे कोणी सिगारेट ओढत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार.
घरात आवाज नाही. कियोनो दिवसातून दोनदा वरच्या खोलीत जाऊन कपाट पुसते. मीही एकदा पुसलं. धूळ नव्हती.

दुपारी चिझुरुचा फोन. आईला म्हणाली, एवढी बोट, एवढा ट्रक, पण एक बशीसुद्धा फुटली नाही. खोकी उघडली तर आत पांढरा मऊ मऊ कीस. कुठल्या दुकानातून आणलात? कियोनोने सांगितलं, दुकान कसलं, तुझ्या बापाचा गोठा. तुझ्या झाडाचा आहे तो.

 चिझुरु म्हणाली, बाबांना द्या.

मी लगेच म्हटलं, पॅकिंगचा विचार मी पहिल्या दिवशीच केला होता. ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज चिरकला. म्हणाली, कीस टाकून द्यायला पिशव्या भरल्या होत्या, पण एक ठेवून दिली. उशाशी घेतली तर आपल्या गोठ्याचा वास येतो. शूहेई शिंकतो, शिंकू दे.

मग म्हणाली, पण बाबा, एवढा कीस निघाला म्हणजे त्यातून काहीतरी झालं असेल ना? ते कुठाय? त्या दिवशी मी वाट बघत होते.

 रेंज गेली म्हटलं. घरचा फोन भिंतीला तारेने जोडलेला आहे, हे तिलाही माहीत आहे. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

उद्या सकाळी त्या दुकानात जाऊन सांगायचं, तो ॲशट्रे माझाच आहे.