काल आपण इथवर आलो होतो

एरंडोल,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय बेबा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरचेच झालेत. राकेशचा सुरतहून रविवारी फोन येतो. 'आई, जेवलीस का?' विचारतो, मी हो म्हणते, संपलं. तुझ्या धुळ्यात पाऊस कसा आहे? इथे कापसाला नको तेव्हा पडतोय.

फोन असताना अक्का पत्र का लिहिते म्हणशील. हट्टी आहे म्हणून! म्हातारपणी डोकं शाबूत ठेवायचं तर पुस्तक वाचावं, हे मी थोरली बहीण म्हणून तुला किती वर्षं सुनावतेय. तू मोबाइलवर शब्दकोडी सोडवतेस, लाइटबिल भरतेस, नातवंडांना व्हिडिओ कॉल लावतेस आणि मी तुला 'बोटं चालतात, डोकं नाही' म्हणून चिडवते.

यंदाही वर्षावासाचे, पावसाळ्याचे तीन महिने विहारातलं ग्रंथवाचन माझ्याकडेच आहे. संध्याकाळी बाया पांढऱ्या साड्या नेसून येऊन बसतात. दिवसभरात कुणी माझी वाट पाहतं ते तिथेच. एरवी घरात भांडं पडलं तरी मीच दचकायचं आणि मीच उचलायचं.

विहारातले पितांबरभाऊ ते वाचन रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. मी कधी ऐकलं नव्हतं, स्वतःचाच आवाज काय ऐकायचा? परवा करमेना म्हणून फोन काढला आणि लावलं. सोमवारचं ऐकलं, मंगळवारचं ऐकलं. बेबा, दोन्ही दिवशी मी तेच पान वाचलंय. बुधवारीही तेच. वर दर वेळी ऐटीत म्हणतेय, 'काल आपण इथवर आलो होतो.'

कुणी चकार शब्द काढला नाही. तिन्ही दिवस शेवटी सगळ्यांनी 'साधु, साधु, साधु' म्हटलं.

शेजारच्या पार्वताबाईला विचारलं, तर म्हणाली, "अक्का, तुमना आवाज आयकाले गोड लागस. तीनदा वाचा, आमले काय शे?" आधी तिचा राग आला. मग घरी येऊन खूप रडले.

एकही दिवस वाचन चुकवलं नाही, तरी हे झालं. आणि सांगितलं कुणी, तर मोबाइलने. हस मला. पण तू तर धुळ्यात ग्रुपवर रोज ऐकतेस. तुला कळलं होतं ना? म्हणूनच 'अक्का, डॉक्टरांना दाखव' असं मागे लागली होतीस. मी आपली गुडघ्यांचं समजले.

जळगावला डॉक्टरांकडे जाईन, पण एकटीने नाही. तू ये. मला भीती वाटते गं. राकेशला अजून सांगितलेलं नाही.

पण वर्षावास संपेपर्यंत वाचन माझ्याकडून काढून घेऊ देऊ नकोस. ते गेलं तर संध्याकाळी मी कुठे जाऊ? रोज निघायच्या आधी फोन कर आणि काल कुठे थांबले ते सांग. बाकीच्या माझा मान राखतात. तू राखू नकोस.

आणि हेच पत्र तुला आधी एकदा आलं असेल, तर तेही सांग.

तुझीच,
अक्का